मदत हवी आहे : जुन्या ब्रिटिश भयपटांतल्या अभिनेत्री

मंडळी, चार-पाच गोष्टी एकत्र गुंफलेल्या जुन्या ब्रिटिश भयपटांतल्या अभिनेत्रींवर लेख लिहितेय, जरा मदत करा. सुरुवात १९४५च्या 'डेड ऑफ नाइट'पासून केलीय. त्यात झपाटलेला आरसा फोडून नवऱ्याला सोडवणारी गूगी विदर्स आहे.

खरा खजिना अ‍ॅमिकस कंपनीकडे. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मध्ये (१९७२) जोन कॉलिन्स नाताळच्या आदल्या रात्री नवऱ्याचा खून करते, आणि नेमका तेव्हाच सांताच्या वेषातला वेडा खुनी घराभोवती फिरत असतो. पोलिसांना बोलवायची सोय नाही, घरात प्रेत! संवाद फारसे नाहीत, सगळं तिच्या चेहऱ्यावर. मला तरी हा तिच्या उत्तम कामांपैकी एक वाटतो. 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'मधली (१९७३) ग्लिनिस जॉन्सही तशीच. टापटिपीचं वेड असलेल्या नवऱ्याला हातोड्याने मारून त्याचे अवयव लेबलं लावलेल्या बरण्यांत भरते.

अ‍ॅमिकसखेरीज इतर ब्रिटिश कंपन्यांच्या अशा चित्रपटांत गोष्ट बाईच्या हातात असलेली उदाहरणं कुणाला आठवतात का? आणि इंग्रजी सबटायटल्स असलेल्या चांगल्या प्रती भारतात कुठे मिळतील? आईलाही दाखवायचेत, तिला नुसते उच्चार ऐकून समजत नाही.