पोलिसांची गाडी चालू ठेवून उभी होती म्हणून बोंबलणाऱ्यांसाठी

लाईनीतली पोर (सांगली)

काल साताऱ्याच्या एका गृहस्थांची पोस्ट फिरत होती. रस्त्याकडेला पोलिसांची बोलेरो इंजिन चालू ठेवून २५ मिनिटं उभी, आत हवालदार मोबाइल बघत बसलेला. पुढे उपदेश: "आधी ठाण्यातले पंखे बंद करा, सायकलीवर गस्त घाला, मग आमच्या पीयूसीची पावती फाडा." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन वाक्यांत उत्तर देणार होते, जमत नाही.

माझे बाबा ३१ वर्षं खात्यात होते. मी नववीत असताना विसर्जनाच्या रात्री त्यांच्या गाडीची बॅटरी उतरली. वरचा दिवा फिरतोय, वायरलेस चालू आणि इंजिन बंद, कारण सकाळीच डिझेलवरून झाप बसलेली. पहाटे तीनला निघायची वेळ आली तर सेल्फ नुसता टकटक करतोय. चार होमगार्ड आणि एका मंडळाच्या पोरांनी धक्का मारून गाडी चालू केली. दुसऱ्या दिवशी मागच्या दारावर गुलालाचे पंजेच पंजे. ते मी पुसलेत, ओल्या फडक्याने, दोनदा.

आता पंखे. ठाण्याला कुलूप लागत नाही हो. जुना पंखा ७५ वॉटचा, दिवसरात्र फिरला की १.८ युनिट. कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा २८ वॉटचा, त्याला पाऊण युनिटसुद्धा लागत नाही. एका पंख्यामागे वर्षाला ४०० युनिट वाचतात. पण तो पंखा आणायचा कुणी? बिल एका हेडमधून (म्हणजे खर्चाच्या खात्यातून), खरेदी दुसऱ्या हेडमधून, आणि वाचलेला रुपया ठाण्याकडे परत येत नाही. ३१ मार्चला उरलेलं अनुदान गेलं ते गेलं. बटण हवालदाराच्या हाताशी, पैसा भलतीकडे. उपदेश मात्र हवालदाराला.

शाहूपुरीकर

ताई, पोस्ट माझीच. दिवा फिरत नव्हता. काचा वर होत्या, म्हणजे एसी चालू होता. अशी गाडी उभ्या उभ्या तासाला लिटरभर डिझेल खाते. बॅटरी खराब असेल तर बॅटरी बदला, डिझेल काय जाळता? माझं पीयूसी संपून दोन दिवस झाले होते, दोन! तेव्हा कुणी माझ्या वडिलांची गोष्ट ऐकून घेतली नाही. आणि २०२२ पासून नव्या सरकारी गाड्या इलेक्ट्रिकच घेणार होते ना? आमच्या नाक्यावर तरी एकही दिसली नाही.

हरिपूरचा नाना

इलेक्ट्रिक गाडी घेऊन एकदा सांगलीहून जतला जाऊन या. जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर. वाटेत एखाद्या वस्तीवर हाणामारी लागली म्हणजे, "थांबा, चार्जिंगला लावलीय" म्हणायचं का? गावातल्या बीटला इलेक्ट्रिक स्कूटर द्या, माझी ना नाही. पण जत-आटपाडीच्या माणसाला आणि पाटणच्या घाटातल्या माणसाला एकच माप लावू नका.

सौर पॅनेल मात्र पाहिजेच. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. वीज नाही, मोबाइल मेले. तेव्हा छपरावर पॅनेल असती तर वायरलेस तरी बिनघोर चालला असता.

तासगावचा वायरमन

नाना, इथे चुकताय, आणि हे सगळेच चुकतात. नेट मीटरिंगचं, म्हणजे लाईनला जोडलेलं साधं ऑन-ग्रिड सौर, लाईट गेली की आपोआप बंद पडतं. मुद्दामच तशी रचना असते, नाहीतर खाली खांबावर काम करणाऱ्या आमच्यासारख्याला शॉक बसेल. ऊन डोक्यावर असलं तरी ठाणं अंधारात. पुरात चालायचं तर बॅटरी पाहिजे, लाईन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर पाहिजे, आणि ते वरच्या मजल्यावर. खर्च वाढतो. पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान घरांसाठी आहे, सरकारी ऑफिसला नाही.

५ किलोवॉटला साधारण ५०० चौरस फूट छप्पर लागतं, दिवसाला २० युनिटच्या आसपास मिळतात. त्यातही धूळ पुसायला माणूस नेमलात तर. आणि "बंद करा, बंद करा" हे ठाण्यात चालत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय, प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि १८ महिन्यांचं रेकॉर्डिंग. ते यंत्र रात्रीही चालणार. त्यामुळे कमी खाणारं बसवा, एवढंच हातात आहे.

हरिपूरचा नाना

बरं बाबा, तू वायरमन, तुझं खरं. आमच्या वेळी हायब्रिड म्हणजे ज्वारी.

शांतता हवी (मिरज)

या सगळ्यापेक्षा मोठं प्रदूषण डीजेचं. रात्री दहानंतर बंदीचा नियम २००० सालचा आहे. माझ्या घराच्या काचा थरथरतात. जेवढं डिझेल जनरेटरच्या गाड्या एका मिरवणुकीत जाळतात...

कराडचा बुलेटवाला

काका, प्रत्येक धाग्यावर?

पण पर्यावरणाचा विषय निघालाच आहे तर ठाण्याच्या मागे जाऊन बघा. जप्तीच्या गाड्यांचा ढीग. माझी गाडी चोरीला गेली, तीन महिन्यांनी सापडली, माझ्या हातात आली १९ महिन्यांनी. कुठल्या ठाण्यातून ते सांगत नाही. सीट गायब, कार्ब्युरेटर गायब, चाकाच्या स्पोकमधून रुईचं झाड वर आलेलं, त्याला फुलं पण होती. टाकी उघडली तर आत पावसाचं पाणी. खालची माती तेलाने काळी. आणि तुम्ही एका बोलेरोच्या २५ मिनिटांवर भांडताय!

कोरेगावचा वकील

सुंदरभाई देसाई खटला, २००२. सुप्रीम कोर्टाने तेव्हाच सांगितलं की गाड्या ठाण्यात सडवू नका, फोटो काढा, बंधपत्र घ्या, मालकाला द्या. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम ४९७ मध्ये तर दिवसच मोजून दिलेत: १४ दिवसांत मुद्देमालाची यादी, फोटो, चित्रीकरण, त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. अडतं कुठे? अर्ज टाकला की पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, येत नाही. तारीख, पुढची तारीख. मी एका ट्रॅक्टरसाठी सात तारखा घातल्या आहेत.

लाईनीतली पोर (सांगली)

वकीलसाहेब, 'से' येत नाही म्हणता, पण सुपूर्तनाम्यावर, म्हणजे बंधपत्र घेऊन, सोडायला मालक यायला पाहिजे ना! निम्म्या गाड्यांचा इन्शुरन्स संपलेला, कागद तिसऱ्याच्याच नावावर. वीस हजारांच्या गाडीसाठी वकिलाची फी कोण भरणार?

कोरेगावचा वकील

फीवर घसरायचं कारण नव्हतं. तुमच्या वडिलांच्या खात्यावर शब्द आला की तुम्हाला झोंबतं.

लाईनीतली पोर (सांगली)

झोंबतंच. पण ऐका. बाबांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली तेव्हा आमच्या क्वार्टरची मागची भिंत त्या ढिगाला लागून होती. खिडकी उघडली की टायर, टायरात पाणी, पाण्यात वळवळ. धाकट्या भावाला डेंग्यू झाला. आई रोज संध्याकाळी बादली घेऊन जाऊन टायर उलटे करायची, पण गाडीला लावलेला टायर उलटा कसा करणार? मुद्देमालाला हात लावायचा नाही, असं बाबाच सांगायचे. तेव्हा त्या ढिगाचं कौतुक मला सांगू नका. बुलेटवाल्याचं म्हणणं मान्य आहे. शाहूपुरीकरांचं नाही.

शाहूपुरीकर

म्हणजे डेंग्यूचं मान्य, धुराचं नाही. उपकार झाले.

तासगावचा वायरमन

शाहूपुरीकर, तुम्ही आणि ताई एकच म्हणताय, फक्त वेगवेगळ्या माणसावर ओरडून. बॅटरी बदलायचा अधिकारसुद्धा त्या हवालदाराला नाही.

शाहूपुरीकर

एसी बंद करायचा अधिकार होता की. त्याला कुठलं हेड लागतं?

हरिपूरचा नाना

हे मात्र बरोबर बोलला. पण एप्रिलमध्ये साताऱ्यात खाकी टेरिकॉट घालून, बेल्ट आवळून, काचा उघड्या टाकून दुपारी २ वाजता अर्धा तास बसून दाखव. मग एसीवर बोलू.

कराडचा बुलेटवाला

कोयना उशाला, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या डोक्यावर, आणि आपण भांडतोय एका एसीवर.

शांतता हवी (मिरज)

डीजेला मात्र कुणी उत्तर देत नाही.

शाहूपुरीकर

सावलीत लावली असती तर? त्याच रस्त्यावर पन्नास पावलांवर वडाचं झाड आहे. असो. ती गाडी आज परत तिथेच उभी आहे, दुकानातून दिसतेय. इंजिन चालूच. जाऊन विचारतो, बॅटरीचं खरं काय ते.

लाईनीतली पोर (सांगली)

विचारा. आणि जाताना पाण्याची बाटली घेऊन जा, रिकाम्या हाताने उपदेश करू नका.

शाहूपुरीकर

जाऊन आलो. बॅटरी मार्चपासून मागितलीय म्हणाला. पाणी घेतलं. झाडाखाली का लावत नाही विचारलं, तर तिथे रसवंतीवाल्याची गाडी असते, आणि पोलिसाने रसवंती हलवली तर त्याचा व्हिडिओ तुम्हीच काढाल, असं म्हणाला.