कमल रणदिवे यांनी हार्मोन आणि कर्करोगावर नेमकं काय काम केलं?

प्राची_देवगड
नमस्कार. मी देवगडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आठवी-नववीच्या मुलींना डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी सांगायचंय. जिथे बघावं तिथे तेच: १९१७ साली पुण्यात जन्म, हुजूरपागा, फर्ग्युसन, १९८२ ला पद्मभूषण. पण बाई प्रयोगशाळेत काय करायच्या? हार्मोनचा आणि कर्करोगाचा संबंध त्यांनी दाखवला म्हणतात, तो कसा? आमच्या मुली पुरस्कारांच्या यादीवर गप्प बसणाऱ्या नाहीत.

सुलभा_शिरोडा
प्राची, मी परळला एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्तीनंतर गावी आले. रणदिवेबाईंच्या हाताखाली नव्हते, पण आमचं काम त्याच वाटेवरचं, म्हणून लिहिते.

उंदरांपासून सुरुवात कर. उंदरांच्या काही वाणांत माद्यांना स्तनाचा कर्करोग खूप होतो, काहींत जवळजवळ नाहीच. असं का? बाई या कामात आल्या तेव्हा संशय तिघांवर होता: वंश, अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन, आणि आईच्या दुधातून पिल्लाला जाणारं काहीतरी. फ्रान्समध्ये लाकासान्य यांनी १९३२ मध्ये नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचलं, तर नरांनासुद्धा स्तनात गाठी आल्या. अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ मध्ये पिल्लं दुसऱ्या वाणाच्या आईच्या दुधावर वाढवली आणि गाठी कमी झाल्या. दुधातलं ते काहीतरी पुढे विषाणू निघालं. बाईंनी टाटा मेमोरियलला डॉ. खानोलकरांकडे काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी घेतली. पुढे त्या या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे ते शोधत राहिल्या. नुसता वंश किंवा नुसता विषाणू धरून गाठीचं कोडं सुटत नाही, हार्मोनही बघावं लागतं. मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

त्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत आयसीआरसी नावाचा उंदरांचा वाण तयार झाला. शुद्ध वाण म्हणजे भाऊ-बहिणीचा संकर, तोही निदान २० पिढ्या. मुलींना हे जरूर सांग. २० पिढ्या नोंदवह्या भरायच्या, तेव्हा कुठे एका प्रयोगाची तयारी होते.

आणि रोजचं काम म्हणशील, तर उंदरीचं प्रजननाचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. थेंबभर सलाइनने योनीतल्या पेशी घ्यायच्या, काचेवर पसरून रंगवायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या, केंद्रक नसलेल्या पेशी भरून दिसल्या की इस्ट्रोजेनने आपलं काम केलंय. पांढऱ्या पेशींची गर्दी झाली की तो भर ओसरला. रक्त न काढता अंडाशयाची खबर कळते! पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी जेवायला उठले नव्हते.

स्तन, पाळी, योनी हे शब्द गाळू नकोस. आपल्याकडे अजून बाया गाठ पदराआड ठेवतात आणि दुखायला लागल्यावर डॉक्टरकडे जातात. सुरुवातीची गाठ बहुतेक दुखत नाही, एवढं जरी मुलींनी घरी जाऊन आईला सांगितलं तरी पुष्कळ.

अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे शिकून आल्यावर रणदिवेबाईंनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. १९७३ ची भारतीय महिला वैज्ञानिक संघटनाही त्यांचीच.

अक्षय_रत्नागिरी
मी प्राणिशास्त्रात एमएस्सी करतोय. टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांचं कामही घ्या. पाळीच्या चक्रात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया कधी होते त्यावर रुग्ण पुढे किती जगते हे बदलतं का, हा त्यांचा १९९१ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला लेख. २०११ मध्ये त्यांच्या गटाने सुमारे १,००० रुग्णांवरची चाचणी छापली: शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉन या अंडाशयातल्याच दुसऱ्या हार्मोनच्या जातीचं एकच ५०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन.

सुलभा_शिरोडा
अक्षय, छान आठवण केलीस. पण पुढचंही सांगायला हवं. सगळ्या रुग्णा मिळून ठोस फरक दिसला नाही, काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्या बायकांत फायदा दिसला. मुलींना दोन्ही सांगा.

शुभांगी_गुहागर
काकू, विषयाला सोडून विचारते. माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. हार्मोनने कर्करोग वाढतो तर मला हार्मोनचीच गोळी का? शेजारची म्हणते, बंद कर.

सुलभा_शिरोडा
शुभांगी, बंद करू नकोस गो. ती इस्ट्रोजेनची गोळी नाही. गाठीच्या पेशीत इस्ट्रोजेन जिथे चिकटतं, त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून तो शोधला. कुलपात आधीच दुसरी किल्ली अडकवून ठेवावी तशी तुझी गोळी तिथे जाऊन बसते. १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ती बनवली, तेव्हा गर्भनिरोधकाचा शोध चालला होता. त्या कामी ती लागली नाही. तुझ्या रिपोर्टात ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत तो रिसेप्टर आहे, असं लिहिलेलं असेल, बघ.

मात्र गर्भाशयाच्या अस्तरावर हीच गोळी थोडीफार इस्ट्रोजेनसारखी वागते. पाळी गेल्यावर अंगावर रक्त गेलं किंवा पाळीशिवाय मध्येच रक्त गेलं, तर लगेच डॉक्टरांना सांग. पाय सुजून दुखला, एकदम धाप लागली तरी थांबू नकोस, रक्ताची गुठळी असू शकते. आणि शेजारणीला म्हणावं, गोळी किती वर्षं घ्यायची ते डॉक्टर ठरवतील.