वाचनालयातल्या जुन्या कागदांसाठी प्रशिक्षण आणि पैसा: सोलापुरात राहून काय जमेल?

वाचनालयवाली

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक वाचनालयात मी सहायक आहे, मानधनावर. बी.ए. इतिहास आणि ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स झालाय. सकाळी पेपर लावायचे, पुस्तकं द्यायची-घ्यायची, वर्गणीच्या पावत्या फाडायच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांची पंख्याखालच्या खुर्चीवरून होणारी भांडणं सोडवायची, हे माझं काम.

आमच्याकडे माडीवर पत्र्याची एक खोली आहे. तिचं काम मला कुणी दिलेलं नाही, पण किल्ली माझ्याकडे आहे. आत काय काय आहे ते सांगते. गिरणीच्या कुठल्याशा खात्याचे जुने मस्टर. कामगार युनियनची पत्रकं, सभेच्या नोटिसा. मोडीचे दोन-तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. एका पद्मशाली विणकर घराण्याने दिलेल्या तेलुगू चोपड्या, ज्या वाचनालयात कुणालाच वाचता येत नाहीत. काही कन्नड पोथ्या. १९३० च्या मार्शल लॉच्या काळातली कात्रणं एका वहीत चिकटवलेली. त्या वहीची पानं फाटली तेव्हा कुणीतरी प्रेमाने पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. ती आता मधासारखी पिवळी पडलीय. उचलायला गेलं की अक्षरं पट्टीबरोबर वर येतात.

उन्हाळ्यात त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहवत नाही. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे.

कार्यकारिणीपुढे विषय काढला. उत्तर आलं, "प्रस्ताव तू कर, पैसे आले तर बघू." प्रस्ताव म्हणजे काय आणि तो कुणाकडे करायचा, हे त्यांनाही माहीत नाही.

माझे प्रश्न: नोकरी न सोडता हे काम शिकता येईल का? पैसा कोण देतं, मला की वाचनालयाला? आणि खरं सांगायचं तर, हे शिकून मला स्वतःला काही मिळेल का? पस्तिशी जवळ आलीय. मानधनाचा आकडा इथे लिहीत नाही, लाज वाटते.

अकलूजकर

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एम.लिब. करा आणि कॉलेजात लागा. जुने कागद विद्यापीठाला देऊन टाका. ह्यात करिअर नाही.

रुमालवाला

अकलूजकर, कॉलेजातल्या ग्रंथपालाच्या किती जागा भरल्या जातायत तेही सांगा मग.

ताई, मी सोलापूरचाच. सध्या पुण्यात एका संस्थेच्या अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद जपून ठेवतात त्या विभागात आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. शिकायला तुमचं नाव लागतं. पैशाला संस्थेचं नाव लागतं, आणि त्याच्याही आधी यादी लागते. यादी नसेल तर कुठलीही योजना तुमच्या दारात येणार नाही, तळमळ कितीही असो.

आधी शिकण्याचं. दिल्लीत जनपथवर राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्यांचं स्वतःचं अभिलेख अध्ययन विद्यालय आहे. एक वर्षाची पदविका आहे, ती तुम्हाला नोकरी सोडल्याशिवाय जमणार नाही, शिवाय तिला पदव्युत्तर पदवी लागते. पण काही आठवड्यांचे छोटे कोर्सही असतात: कागदांची दुरुस्ती, पुस्तकं आणि हस्तलिखितांची जपणूक, अभिलेख व्यवस्थापन. फी किरकोळ असते, खरा खर्च दिल्लीत राहण्या-खाण्याचा. कार्यकारिणीकडून पैसे मागू नका, शिफारसपत्र आणि पगारी रजा मागा. पैसे नाही म्हणणारी माणसं पत्रावर सही पटकन करतात.

मी तिथे दुरुस्ती शिकलो. पहिले काही दिवस नुसता टिश्यू, म्हणजे दुरुस्तीला लावतात तो पातळ कागद, फाडायला लावला. जपानी टिश्यू कात्रीने कापायचा नसतो. ओल्या ब्रशने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर हलक्या हाताने फाडायचा. कडेचे तंतू सुटे राहतात, मग पातळ खळीने लावला की जोड मूळ कागदात मिसळून जातो, बोट फिरवलं तरी कंगोरा लागत नाही. कात्रीची सरळ कड मात्र पुढे तिथेच कागद मोडते. हे पुस्तक वाचून येत नाही, शेजारी कुणीतरी "अहो, जोर कमी" म्हणणारं लागतं. तुमच्या चिकटपट्टीवाल्या वहीला म्हणूनच आत्ता हात लावू नका. पानापानांमध्ये सुटा, आम्लरहित कागद घाला आणि वही आडवी ठेवा, बस.

दिल्ली जमत नसेल तर पुणं आहेच. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री घरी. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, भांडारकर संस्थेत हस्तलिखितांच्या जपणुकीचं काम वर्षानुवर्षं चाललंय, जाऊन बघा तरी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळाही प्रशिक्षण देते, पण तिथे भर वस्तूंवर, चित्रांवर, धातूंवर जास्त. तुमचं काम कागदाचं.

घरबसल्या करायचं तर आयक्रॉमची 'री-ऑर्ग' नावाची पद्धत बघा. रोममधल्या ह्या संस्थेने छोट्या संग्रहालयांच्या कोंबलेल्या खोल्या कमी पैशात कशा लावायच्या ह्याच्या पुस्तिका काढल्यात, फुकट मिळतात. इंग्रजी आहे पण सोपं आहे.

आता तुम्हाला काय मिळेल ते. मोडी शिका. मी हे भावनेपोटी सांगत नाही. २०२३ साली जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणारी माणसं शोधताना प्रशासनाची दमछाक झाली. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे प्रशिक्षण वर्ग घेतं, शेवटी परीक्षा असते. ते प्रमाणपत्र असलं की जमिनीच्या, वतनाच्या कागदांची लिप्यंतरं करून वरकमाई होते, आणि ती सोलापुरात बसून होते. नोकरीच म्हणाल तर सरकारी जागा क्वचित निघतात. कंपन्यांची अभिलेखागारं मात्र आहेत: पुण्यात टाटांचं आणि रिझर्व्ह बँकेचं, विक्रोळीत गोदरेजचं. तिथे "मी एवढ्या कागदांची यादी केली, ही बघा" म्हणणाऱ्या माणसाचा अर्ज वेगळा दिसतो.

हिशेबनीस

मी दोन-तीन न्यासांचे हिशेब बघतो, म्हणून पैशावर लिहितो. वर यादीचं म्हटलंय ते शंभर टक्के खरं. भर एवढीच घालतो की यादी करताना कागदांचे गट योजनांप्रमाणे पाडा. एकाच खोलीतल्या कागदांना सरकारदरबारी वेगवेगळी नावं आहेत.

कन्नड पोथ्या म्हणजे 'हस्तलिखित'. २००३ च्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या व्याख्येत हाताने लिहिलेलं, किमान ७५ वर्षं जुनं आणि ज्ञानविषयक मजकूर असलेलं बसतं. छापील चालत नाही. महसुली कागद, फर्मानंही चालत नाहीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशन आलं, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन करायचं म्हणून, त्यात ग्रंथालयं आणि खासगी संग्राहकही धरलेत. म्हणजे पोथ्यांना वाट आहे. गिरणीचे मस्टर तिथे नेलेत तर पहिल्याच टेबलावरून परत येतील.

कपाटं, मांडण्या, शताब्दी वगैरेसाठी कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. अर्ज थेट कोलकात्याला करायचा नाही, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडे. राष्ट्रीय अभिलेखागाराचीही हस्तलिखितं आणि दुर्मीळ पुस्तकं जपण्यासाठी स्वयंसेवी संस्थांना मदत करण्याची योजना आहे. तिथे ऑडिट झालेले ताळेबंद मागतात. ते तयार आहेत का, हे सचिवांना आधी विचारा. शंभरी ओलांडलेल्या किती संस्थांचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचे अर्ज, धर्मादाय आयुक्तांकडे पडून असतात ते मी रोज बघतो, जाऊ दे.

परदेशी पैसा: ब्रिटिश लायब्ररीचा संकटग्रस्त अभिलेखांचा कार्यक्रम २००४ पासून आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे कागद स्कॅन करायला ते पैसे देतात, मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत. तुमचा १९३० चा ऐवज आणि जुने मस्टर त्यात शोभतील. त्यानंतरच्या काळासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या ग्रंथालयाचा तसाच कार्यक्रम आहे, युनियनची अलीकडची पत्रकं तिकडे. पण थांबा. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि तुमच्या वाचनालयाकडे ती नसणार. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था पैसे घेऊन तुमच्याकडे वळतेही करू शकत नाही. म्हणजे विद्यापीठासारख्या कुणाला तरी मुख्य अर्जदार करावं लागेल, खर्च त्यांनीच करायचा, खोली आणि कागद तुमचे. करारात मूळ कागदांची मालकी वाचनालयाचीच, हे वाक्य पहिलं लिहा.

सगळ्यात जवळची वाट सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाची वाटते. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला आणि सार्वजनिक ग्रंथालयं स्पष्ट लिहिलीत, आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा प्रकल्प आहे, चिंचोळी एमआयडीसीत कारखाने आहेत. वाचनालयाकडे प्राप्तिकर खात्याच्या नोंदण्या (ज्यांना १२ए, ८०जी म्हणत आलेत) आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हवी. हे सगळं सी.ए. करून देतो, त्याला कुणाच्या ओळखीची गरज नाही.

मास्तर_निवृत्त

काय ओ, एवढं सगळं दिल्ली-लंडन झालं, आपल्या गल्लीचं कुणी बोलेना! त्या तेलुगू चोपड्या वाचायला पूर्व भागात या की. साखर पेठेत, दत्तनगरात माझ्या वयाची तेलुगू माध्यमात शिकलेली माणसं घरी बसून आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. चोपडीत सूत किती गेलं, लुगडी किती आली, उधारी कुणावर, हेच असणार. पण आकडे आणि महिन्यांची नावं वाचायची एक पद्धत असते, ती आम्हाला येते. कन्नडला अक्कलकोटकडचं कुणी भेटेल. मोबाइलवर फोटो काढून आणा, चोपडी घेऊन रिक्षात हिंडू नका.

दुसरं. कागद बांधायला लाल कापड म्हणून काहीही आणू नका, रंग उतरतो. कोरा मांजरपाट घ्या. पण घेतला की आधी गरम पाण्यात दोन-तीनदा धुवा. मागावरच्या कापडाला खळ असते, आणि खळ म्हणजे कसरीला जेवणाचं ताट. आमच्या घरात चार माग होते, म्हणून सांगतो.

वाचनालयवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, मी नक्की येते, फोटो घेऊनच. सचिवांना ताळेबंदाचं विचारलं. "आहेत की, कपाटात." कुठल्या वर्षापर्यंतचे ते उद्या बघणार म्हणाले. रजेच्या पत्राला हो म्हणालेत.

रुमालवाला, यादी कशी करू? रजिस्टरमध्ये की एक्सेलमध्ये? आणि एक सभासद जुना फ्लॅटबेड स्कॅनर भेट देतो म्हणतायत, लगेच स्कॅनिंग सुरू करू का?

रुमालवाला

स्कॅनर नम्रपणे नाकारा, किंवा कार्यालयातल्या पावत्यांना वापरा. शिवलेला मस्टर काचेवर उपडा दाबला की पाठ मोडते. स्कॅनिंग पैसा आल्यावर, वरून फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याने, आणि साठवण टिफमध्ये, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये.

यादी एक्सेलमध्ये करा, दर आठवड्याला छापून फाइलला लावा. एका गठ्ठ्याला एक ओळ: क्रमांक, कुठे ठेवलाय, काय आहे, भाषा-लिपी, पहिली आणि शेवटची तारीख, साधारण किती पानं, अवस्था, कुणी दिलं. पानापानाची यादी आत्ता नको, त्यात अडकाल आणि खोली तशीच राहील. क्रमांक पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहा, मूळ कागदावर शिक्का मारू नका. कुणी दिलं हा रकाना रिकामा सोडू नका. देणाऱ्याचं पत्र नसेल तर घरच्यांकडून आत्ता दोन ओळी लिहून घ्या, प्रत्येक अर्जात मालकीचा पुरावा मागतात.

आणि उन्हाळा लागायच्या आत सगळं त्या पत्र्याखालून खाली आणा. संदर्भ विभागात बाहेरच्या भिंतीपासून लांब एक कपाट रिकामं करून घ्या, खालचा खण जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. ह्याला कुणाचं अनुदान लागत नाही, शिपायाला चहा लागतो. पहिले पन्नास गठ्ठे झाले की यादी मला पाठवा, कुठला गट कुठल्या अर्जात घालायचा ते हिशेबनीसांना विचारून सांगतो.