गरीब वस्तीतल्या पोरीला दर वेळी कोणीतरी वाचवायलाच का लागतं?

रानवारा: व्हिक्टोरियन लंडनमधल्या गरीब पोरींवरच्या कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचते, पण आता वैताग आलाय. पोरगी अनाथ, हुशार, आणि शेवटी कोणीतरी श्रीमंत सद्गृहस्थ तिला उचलून नेतो. अहो, जुलै १८८८ मध्ये बो भागातल्या ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्यातल्या साधारण १४०० बायका-पोरी काम टाकून बाहेर पडल्या. पाय मळके म्हणून दंड, बोललीस म्हणून दंड, डबा खायचा तोही पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेतच, आधी दात दुखायचा आणि मग जबडाच सडायचा. महिना संपायच्या आत त्यांनी दंड बंद करून घेतले आणि युनियन काढली. यात सद्गृहस्थ कुठेय?

चष्मिश: नाही पटलं. संप जिंकणाऱ्या किती? डॉ. बर्नार्डोंनी १८७६ मध्ये बार्किंगसाइडला निराधार मुलींसाठी वसाहत काढली, म्हणजे कोणीतरी उचलून नेलं हेही खरंच घडलंय. माझी तेरा वर्षांची भाची ही पुस्तकं वाचते, शेवटी पोरगी पोटभर जेवून उबेत झोपली की तिलाही झोप लागते, त्यात वाईट काय?

रानवारा: झोपू दे की! पण बर्नार्डोंच्या त्या वसाहतीत शिकवायचे धुणं, शिवण, स्वयंपाक, कारण पुढं दुसऱ्याच्या घरी मोलकरीण व्हायचं. कादंबरी नेमकी त्याआधी संपते, राग त्याचा आहे.

जुना वाचक: अ‍ॅनी बेझंट विसरलात? जूनमध्ये त्यांनी लेख लिहून पगार-दंड सगळं छापलं म्हणून पेटलं ना. पुढं भारतात आल्या, १९१७ ला काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, त्याच या. बाहेरचा माणूस लागलाच की.

रानवारा: लेख बाईंचाच, मान्य. पण बाई मागत होत्या तो काड्यांवर बहिष्कार. मालकांनी लेख खोटा आहे म्हणून सह्या मागितल्या तेव्हा नाही म्हणाल्या त्या पोरीच, नोकरी जाणार हे दिसत असताना.

सांजवेळ: मला तर संपवालीही नको आणि अनाथ राजकन्याही. १८५० च्या सुमारास हेन्री मेह्यू हा पत्रकार रस्त्यावर पालेभाजी विकणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीशी बोलला होता. उजाडायच्या आत बाजार गाठायचा, थंडीत जुड्या बांधायच्या, पैसे आईच्या हातात. गोळ्या-बिळ्या ती घेत नाही, ते लहान मुलांचं काम म्हणते. त्याने बागांचा विषय काढला तर हिनेच विचारलं, माझ्यासारखीला आत सोडतील का, नुसतं बघायला?