‘तिप्पट जास्त’ म्हणजे नेमकं किती?

अधिकउणे
सातवी-आठवीच्या मुलांसाठी शाब्दिक उदाहरणांची पुस्तिका आम्ही काही शिक्षक मिळून तयार करतोय. एका उदाहरणावर घोडं अडलंय:

‘एका वाडीत गाईंपेक्षा शेळ्या तिप्पट जास्त आहेत. दोन्ही मिळून ६० जनावरं आहेत. तर गाई किती?’

गाई क्ष मानल्या तर माझ्या मते शेळ्या ३क्ष. म्हणजे ४क्ष = ६०, गाई १५, शेळ्या ४५. आमच्यातल्या एक बाई म्हणतात, ‘जास्त’ म्हटलंय ना, मग मुळच्या क्ष वर आणखी तिप्पट, म्हणजे शेळ्या ४क्ष. मग ५क्ष = ६०, गाई १२, शेळ्या ४८. दोन्हीकडे पूर्ण संख्याच येतात, त्यामुळे उत्तर बघूनही वाद मिटत नाही. तुम्ही काय समजाल?

आणखी एक. ‘मुलाचं वय आईच्या वयाच्या निमपट’ असं पुस्तकी उदाहरणांत असतं. मुलं बोलताना ‘आईच्या निम्मं’ म्हणतात. निमपट ठेवावं का?

शाईपेन
बाईंचं बरोबर आहे, पण खरा दोष वाक्याचा आहे. मराठीत दोन वेगळ्या रचना आहेत. ‘गाईंपेक्षा ५ ने जास्त’ ही बेरीज: क्ष + ५. ‘गाईंच्या तिप्पट’ हा गुणाकार: ३क्ष. ‘पेक्षा’ आलं की फरक सांगायचा, ‘च्या’ आलं की पट सांगायची. ‘गाईंपेक्षा तिप्पट जास्त’ म्हणताना एकीचं डोकं आणि दुसरीचं धड जोडलंय. शाळेच्या पुस्तिकेत असलं वाक्य येताच कामा नये.

कऱ्हाकाठ
शाईपेन, व्याकरण तुमचं पक्कं आहे, पण माणसं असं बोलतात त्याचं काय? ‘औंदा कांदा गेल्या सालापेक्षा तिप्पट महाग’ असं बाजारात कुणी म्हटलं आणि गेल्या साली कांदा १० रुपये किलो असेल, तर ऐकणारा ३० समजतो. ४० समजणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचाय. भाषेत अर्थ ठरतो तो ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटतं त्यावर.

शाईपेन
तो माणूस ३० समजतो कारण त्याला भाव आधीच माहीत असतो. उदाहरण सोडवणाऱ्या मुलाला गाई माहीत नसतात, त्याच्याजवळ फक्त वाक्य असतं. आता हे बघा: ‘भाव ५ रुपयांनी वाढला’ म्हणजे क्ष + ५. ‘भाव ५० टक्क्यांनी वाढला’ म्हणजे क्ष + ०.५क्ष. दोन्हीकडे ‘नी’ लागला की वाढ मोजली जाते, नवा भाव नव्हे. मग ‘भाव दुपटीने वाढला’ म्हणजे क्ष + २क्ष का नाही? त्याच बातमीत पुढे ‘२०० टक्क्यांनी वाढला’ असं लिहिलं तर सगळे ३क्ष म्हणतील. दुप्पट आणि २०० टक्के ही एकच गोष्ट असताना उत्तरं दोन येतात. हे मला सहन होत नाही.

कऱ्हाकाठ
‘ने’ लागला की वाढच मोजतात, हे मला मान्य नाही. माझे आजोबा पेरणीच्या वेळी सावकाराकडून ज्वारी आणायचे, दिढीने. एक पोतं आणलं की सुगीला दीड पोती परत. ‘ने’ असूनही दीड हा सगळा आकडा आहे, मुद्दल धरून. तुमच्या हिशोबाने अडीच पोती द्यावी लागली असती! सवाईचंही तेच, एकाला सव्वा. आणि दामदुप्पट? जुन्या कायद्यात एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता यायचं नाही, म्हणजे सगळं मिळून फार तर मुद्दलाच्या दुप्पट. मुंबई इलाख्याच्या कोर्टांनीही हा नियम मानला होता. धान्य आणि पैसा, दोन्हींच्या हिशोबात ‘पट’ म्हणजे एकूण, वाढ नव्हे. ही भाषा ज्यांच्या पोटाशी जोडलेली होती त्यांनी ती अशी वापरली आहे.

सेमीची आई
दोघांचं वाचतेय. माझा अनुभव थोडा बाजूचा, पण याच गावचा. मुलगी सेमीला आहे, गणित इंग्रजीतून. ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ हे तिला इंग्रजीत दिलं की ती ५ − क्ष लिहिते, कारण इंग्रजी वाक्यात पाच आधी येतो आणि संख्या शेवटी. तेच मी मराठीत सांगितलं की लगेच क्ष − ५. मराठीत आधी संख्या, मग ‘पेक्षा’, मग पाच, मग कमी. ज्या क्रमाने ऐकलं त्याच क्रमाने वहीत उतरतं. ‘संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी’ घ्या: संख्या क्ष, दुप्पट २क्ष, तीनने कमी, २क्ष − ३. एकही शब्द मागे-पुढे करावा लागत नाही. इतकी सरळ वाट असताना आपण मुलांना ती दाखवतच नाही, याचं वाईट वाटतं.

अमेरिकेत १९८० च्या सुमारास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक प्रश्न दिला होता: विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण मांडा. एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी चुकीचं मांडलं, आणि बहुतेकांची चूक एकच होती: ६वि = प्रा. हवं होतं वि = ६प्रा. इंग्रजी वाक्यात सहा आणि विद्यार्थी शेजारी येतात, म्हणून सहा विद्यार्थ्यांना चिकटला. मराठीत ‘प्राध्यापकांच्या सहापट’ म्हणताना सहा प्राध्यापकांना चिकटतो, म्हणजे हवा तिथेच. मात्र ‘दर प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ असं लिहून बघा, आपली मुलंही उलटं मांडतील. मी मुलीवर करून बघितलंय.

शाईपेन
ताई, हे सोन्यासारखं निरीक्षण आहे. माझा मुद्दाही हाच. मराठीत चिन्ह प्रत्ययात बसलेलं असतं. ‘च्या’ ला हात लावला की समीकरणाला हात लागतो.

चाळीसगावकर
शब्दांतून समीकरण मांडायचा विषय निघालाय म्हणून आमच्या भागाचं लिहितो. पाटणला, चाळीसगावाजवळ, १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, असं त्यात आहे. म्हणजे शब्दांतून समीकरण काढायचे धडे या मातीत आठशे वर्षांपूर्वी चालत होते.

भास्कराचार्य अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणत, जितकं असेल तितकं. दुसरं अज्ञात आलं की कालक, मग नीलक, पीतक, लोहितक, सगळी रंगांची नावं. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर: या, का, नी, पी. सुट्या संख्येला रूप, म्हणजे रू. आपलं ३क्ष + ५ ते ‘या ३ रू ५’ असं लिहीत.

आणि त्यांचं भुंग्यांचं उदाहरण घ्या. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर, एक उरला. उत्तर १५. फरकाला तिथे ‘विश्लेष’ आणि तिपटीला ‘त्रिगुण’ असे अगदी स्वच्छ शब्द आहेत. ३, ५ आणि फरक २ चे तिप्पट ६, झाले १४, वरचा एक. ‘त्रिगुण’ म्हणजे गुणिले तीन, त्यावर आणखी एक कुणी मिळवत नाही.

शाईपेन
यावरून आठवलं. पुस्तकं क्ष ला ‘चल’, म्हणजे बदलणारा, म्हणतात. गाईंच्या उदाहरणात काय बदलतंय? गाई जितक्या आहेत तितक्याच आहेत, आपल्याला त्या माहीत नाहीत एवढंच. ब्रह्मगुप्तापासून, म्हणजे ६२८ पासून, यासाठी ‘अव्यक्त’ हा शब्द आहे. जे आहे, पण अजून प्रकट झालेलं नाही. तो टाकून ‘चल’ घेतला आणि मुलांच्या डोक्यात गोंधळ पेरला. समीकरणात अव्यक्त म्हणावं, आलेख काढताना चल म्हणावं.

सेमीची आई
शब्द सुंदर आहे, पण सातवीच्या पोराला ‘अव्यक्त’ म्हणजे देवाचं काहीतरी वाटेल. चल-अचल तरी त्याने विज्ञानात ऐकलेलं असतं. ‘क्ष मानू’ एवढंच म्हटलं तर नावाची गरजच पडत नाही.

दोनपदरी
‘पट’ कुठून आला यावर कुणीच बोललं नाही. माझ्या मते तो कापडाचा पट. बाळाचं दुपटं घ्या, दोन पदर एकावर एक ठेवून शिवतात. दुपटं म्हणजे मूळचं कापड आणि वर आणखी दोन, असं कुठल्याच आजीने शिवलेलं नाही. एक पदर, दोन पदर, तीन पदर, मोजणी पहिल्या पदरापासूनच. ‘तिप्पट जास्त’ मध्ये ‘जास्त’ हा शब्द फक्त दिशा सांगतो, मोजणी ‘पट’ करतो. म्हणून ३क्ष.

शाईपेन
पट पदराचा असेल तर ‘निमपट’ म्हणजे अर्धा पदर? आणि ‘पाऊणपट’? व्युत्पत्ती गोड आहे, पण तिच्यावर समीकरण उभं राहत नाही.

अधिकउणे
निमपटचा विषय निघालाच आहे तर, ठेवू का हा शब्द?

कऱ्हाकाठ
ठेवा की. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या वडिलांना पाठ होते. औट म्हणजे साडेतीन. अपूर्णांकाची पट मराठीला परकी नाही. उलट बघा, ‘पावणेदोनशे’ हा एक शब्दच बैजिक राशी आहे: (२ − १/४) × १००. ‘साडेतीन हजार’ म्हणजे (३ + १/२) × १०००. वजा आणि अधिक शब्दात, पुढे एकक. हे ज्याला येतं त्याला कंसाची भीती कशाला वाटेल? २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’ बरोबर ‘वीस पाच’ आलं तेव्हा मला म्हणूनच राग आला होता. आज संख्यानामं, उद्या पावणे-साडे जातील.

सेमीची आई
जुनी नावं काढली नव्हती, दोन्ही दिली होती. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीवर होत्या. जोडाक्षरांची नावं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, म्हणून आधाराला दुसरी रीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, हे खरंच आहे ना? ‘५ − क्ष’ची चूकही त्याच जातीची आहे. ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम जिथे फुटतो तिथे मूल अडखळतं. पहिलीतलं असो की इंजिनियरिंगचं.

कऱ्हाकाठ
अडखळू दे. माझ्या पिढीतली पोरं अडखळून शिकलीच. आधाराची रीत हळूहळू मुख्य होते आणि मग जुनी नावं फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी राहतात.

अधिकउणे
पुस्तिकेत तूर्त ‘शेळ्यांची संख्या गाईंच्या संख्येच्या तिप्पट आहे’ असं घेतलंय. बाईंचीही हरकत नाही. निमपट कंसात ‘निम्मे’ देऊन ठेवायचा विचार आहे.

कऱ्हाकाठ
मग ‘तिप्पट जास्त’ वाचायला कोण शिकवणार? पेपर, जाहिराती, भाषणं, सगळीकडे तेच असतं. मी तर तुमचं जुनं वाक्य तसंच ठेवलं असतं आणि खाली विचारलं असतं: या वाक्याचे दोन अर्थ होतात का? दोन्ही समीकरणं सोडवा. ५क्ष = ६० आणि ४क्ष = ६०, दोन्ही मांडली की मुलांना कळेल कुठला शब्द कुठलं चिन्ह आणतो. आणि शाईपेन, तुमच्यासाठी एक प्रश्न. ‘खर्च तिपटीने कमी झाला’ याचं समीकरण काय? तुमच्या नियमाने क्ष − ३क्ष. खर्च उणे दोन क्ष?

शाईपेन
म्हणूनच तर ते वाक्य चूक आहे! ‘एक तृतीयांशावर आला’ म्हणावं. तिथे ‘वर’ पोचायची जागा दाखवतो: क्ष/३. ‘एक तृतीयांशाने घटला’ म्हटलं तर उरतात २क्ष/३. ‘ने’ आणि ‘वर’ यांत एवढं अंतर आहे. दर उन्हाळ्यात धरणांच्या बातम्या वाचा, एकाच बातमीत ‘साठा एक तृतीयांशाने घटला’ आणि खाली ‘साठा एक तृतीयांशावर’ असं दोन्ही सापडतं. यातलं खरं कुठलं, हे वाचणाऱ्याने कसं ठरवायचं?

दोनपदरी
आणि ‘निम्म्याने घटला’ व ‘निम्म्यावर आला’ मात्र एकच, क्ष/२. हा एक अपूर्णांक सोडला तर दुसऱ्या कुठल्याच अपूर्णांकाला ही सवलत नाही. ‘ने’ आणि ‘वर’ची सरमिसळ या निम्म्यापासूनच तर सुरू झाली नसेल?

कऱ्हाकाठ
मग दिढीचं काय? तिथला ‘ने’ निम्म्यापासून आलेला नाही.