स्पायरोमेट्रीशिवाय पंप लिहून द्यावा का?

सह्यवासी (धागाकर्ता):
धाप लागते म्हणून आलेल्या पन्नाशीच्या बाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा, 'दमा आहे' म्हणायचे आणि स्पायरोमेट्री (यंत्रात जोराने फुंकून करायची श्वासाची चाचणी) न करताच तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप लिहून द्यायचा, ही सर्रास चाललेली पद्धत बंद व्हावी असे माझे मत आहे. दमा आणि सीओपीडी (बिडीच्या किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसांना जडणारा दीर्घकाळचा आजार) या दोन्हींत श्वासनलिका अरुंद होतात. परंतु दम्यात पंपातून स्टेरॉइड द्यावेच लागते, तर सीओपीडीत नलिका दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारी औषधे आधी येतात आणि सरसकट स्टेरॉइडने न्यूमोनियाचा धोका वाढतो. हा फरक कानाला कळत नाही. स्पायरोमेट्रीत मात्र नलिका मोकळ्या करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या 70 टक्क्यांहून कमीच राहिली, तर सीओपीडीचे निदान पक्के होते. रक्तदाब न मोजता त्याची गोळी कोणी सुरू करते का?

माणदेशी:
तत्त्व मान्य, व्यवहार नाही. चाचणीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे तिची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. मग ती जातच नाही; धाप वाढली की जवळच्या दवाखान्यात सुई टोचून घेते. त्यापेक्षा स्वस्तातला पीक फ्लो मीटर (फुंकरीचा वेग मोजणारी साधी नळी) घरी द्यावा, सकाळ-संध्याकाळचे आकडे दोन आठवडे वहीत लिहायला सांगावे आणि त्यांत मोठा चढउतार दिसला तर दमा धरून चालावे. दम्याला नुसत्या साल्ब्युटामॉलवर (नलिका तात्पुरत्या मोकळ्या करणाऱ्या औषधावर) ठेवू नये, असे 'जीना' या दम्याविषयीच्या जागतिक उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगत आहेत. म्हणून शंका असेल तेव्हा स्टेरॉइडसह पंप सुरू करण्यातच कमी धोका आहे.

फुंकर:
मी ही चाचणी रोज करते, म्हणून दोघांनाही एक सांगावेसे वाटते. "मावशी, फुंका, फुंका, अजून, सोडू नका" असे ओरडूनही ओठांच्या कडेने हवा निसटते, आणि तीन नीट फुंकरा मिळेपर्यंत बाई दमून खुर्चीतच बसून राहते. बरोबर तीन लिटर हवा ढकलणाऱ्या पिचकारीने यंत्र तपासलेले नसेल, तर छापून आलेला आलेख फक्त दिसायला देखणा. अशा कागदावर जन्मभराचे औषध ठरवण्यापेक्षा तो नसलेला बरा.

सह्यवासी:
मग प्रशिक्षण द्या, चाचणी कशाला टाळता? आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, बिडी कधीही न ओढलेल्या बाईला सीओपीडी असेल हे डॉक्टरांच्या मनातच येत नाही. जुन्या क्षयरोगाने किंवा हृदयविकाराने लागणारी धापही 'दमा' या नावाखालीच जाते. शिवाय तुमचा 'तात्पुरता' पंप पुढे कोणी बंद करत नाही, हेही आपण जाणतो.

माणदेशी:
हे खरे आहे, म्हणून चिठ्ठीवर 'निदान अनिश्चित, तीन महिन्यांत स्पायरोमेट्री' असे लिहिणे बंधनकारक करा. पण तोवर पंप थांबवू नका, आणि देताना स्पेसरसह (पंपाला जोडायच्या नळकांड्यासह) कसा ओढायचा ते तिच्याकडून समोर करून घ्या. तो चुकीचा ओढला तर औषध घशातच राहते आणि आपण मात्र 'गुण नाही' म्हणून निदान बदलत बसतो.