‘नामांकित लेखिका’ म्हणजे नेमकी कोण?

पाचपाखाडीकर
दर जुलैत अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्कारांची नामांकनं जाहीर व्हायच्या आधी आम्ही चौघं मित्र कागदावर आपापली पाच मालिकांची नावं लिहून पाकिटात बंद करतो. विभाग एकच, मालिकालेखनाचा. ज्याची नावं सगळ्यांत जास्त चुकतील त्याने बाकीच्यांना मामलेदारची मिसळ खिलवायची. यंदा ‘सर्वोत्कृष्ट पटकथा’ असं शीर्षक देऊन माझी यादी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकली आणि एका मालिकेपुढे तिच्या लेखिकेचं नाव घालून लिहिलं, ‘गेल्या वर्षीची नामांकित लेखिका’. दुसऱ्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. “एवढी नामांकित आहे, तर मी नाव कसं ऐकलं नाही रे?”
मला म्हणायचं होतं, नामांकन मिळालेली. चुकलं कोण?

चरईची
काकू बरोबर, तुम्ही चूक. नामांकित म्हणजे नावाजलेला. नामांकित डॉक्टर, नामांकित कॉलेज, हा अर्थ मराठीत कधीचा रुळलाय. मोल्सवर्थचा शब्दकोश उघडून बघा, नाहीतर आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चक्कर मारा. १८९३ पासून कशासाठी उभं आहे ते?
मुळात अंकित म्हणजे खूण केलेलं, कोरलेलं. मारुतीने सीतेला दाखवली ती रामनामांकित अंगठी. नॉमिनेशनसाठी ‘नामांकन’ नंतर आलं आणि बसलंही, पण त्याचं विशेषण आधीच दुसऱ्याच्या घरी नांदतंय. त्यामुळे ‘नामांकन मिळालेली लेखिका’ असंच लांबलचक लिहायचं. एक शब्द जास्त गेला तर जाऊ दे.

वाशीकर
त्याहून वाईट म्हणजे ‘लेखनासाठी मानांकन मिळालं’. हे मी छापलेलं वाचलंय. मानांकन टेनिसपटूला असतं, अव्वल मानांकित वगैरे. किंवा हापूसला. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला ठाणे जिल्हाही आहे. आमच्या मार्केटात पेटीवर ‘नामांकन’ लिहिलं तर गिऱ्हाईक विचारेल, कुठल्या वॉर्डातून उभा आहे आंबा?

पाचपाखाडीकर
मग ‘नामनिर्देशन’ घेऊ का? शासकीय आहे, पण निर्दोष.

चरईची
नको हो. नामनिर्देशनपत्र उमेदवार स्वतः भरतो, आणि बँकेतलं नामनिर्देशन आपल्या पश्चात पैसे कुणाला द्यायचे याचं. पुरस्काराच्या गप्पांत मेल्यानंतरची व्यवस्था कशाला?
यात एक पायरी सगळेच गाळतात. एमीसाठी आधी भाग स्पर्धेत दाखल करावा लागतो. त्याला आपल्याकडे ‘प्रवेशिका’ हा छान शब्द आहे, एकांकिका स्पर्धांमुळे तोंडात बसलेला. त्या प्रवेशिकांतून एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीचे लेखक-सदस्य मतं देऊन निवडतात ते नामांकन. नुसती प्रवेशिका धाडून ‘माझं नामांकन झालं’ म्हणणारे असतातच.

घोडबंदरचा
मी मालिकेच्या सेटवर काम करतो, म्हणून थोडं वेगळं. तुमच्या यादीचं शीर्षक ‘सर्वोत्कृष्ट पटकथा’ आहे. ते खटकतं. आमच्याकडे श्रेयनामावलीत कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. प्रसंगांचा क्रम पटकथाकार लावतो, पात्राच्या तोंडचं वाक्य संवादलेखक देतो, तेही कधीकधी शॉट लागायच्या अर्धा तास आधी. एमीत असे तुकडे नाहीत, अख्ख्या लेखनाला एक पुरस्कार. मग ‘लेखन’ किंवा ‘संहितालेखन’ म्हणा. नाटकवाले संहिताच म्हणतात.
आणि तो पुरस्कार मालिकेला नसतो, एका भागाला असतो.

वाशीकर
म्हणजे एकाच मालिकेचे दोन भाग असू शकतात?

घोडबंदरचा
दोन काय, चार! २००९ साली नाट्यमालिकांच्या लेखनात पाचपैकी चार नामांकनं ‘मॅड मेन’ची होती आणि विनोदी मालिकांत पाचपैकी चार ‘थर्टी रॉक’ची. त्या साली पाच वेगवेगळ्या मालिका लिहून पाकिटं बंद करणाऱ्याची मिसळ पक्की होती.

पाचपाखाडीकर
हे आमच्या चौघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही नुसती मालिकांची नावं लिहितो!
आता शेवटचं. कागदावर वर काय लिहू? भाकीत, अंदाज, होरा, अटकळ?

चरईची
भाकिताला फार ज्योतिषी वास आहे. होराही मूळचा त्याच गल्लीतला. ‘अहोरात्र’चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गळून तो झाला, असं काहींचं मत वराहमिहिराने नोंदवलंय, अभ्यासक मात्र ग्रीक शब्दाकडे बोट दाखवतात. पण आज आपण ‘माझा होरा चुकला’ म्हणतो तेव्हा कुंडली कुणाच्या डोक्यात नसते. अटकळीत पुरावा कमी, आडाख्यात हिशेब जास्त. कुठल्या मालिकेने कुठला भाग धाडलाय ते बघून लिहिणार असाल तर आडाखा. नाहीतर सरळ अंदाज. फारसीत त्याचं मूळ ‘फेकणे’ या क्रियापदात आहे. गोलंदाज, तिरंदाज यांतला ‘अंदाज’ तोच.

वाशीकर
म्हणजे यांच्या यादीला अंदाजच म्हणा. फेकाफेकी आहे सगळी.

पाचपाखाडीकर
मान्य. नवा कागद केलाय. वर ‘लेखन : अंदाज’, खाली दोन रकाने, मालिका आणि भाग. त्या बाईंपुढे ‘गेल्या वर्षी नामांकन मिळालेली’ असं लिहून ग्रुपवर टाकलं. काकूंचा परत फोन. “मिळालं ना? मग परत कशाला देतायत?”